हवा तसा सहसंबंध असलेले द्विमान संकेत कसे घडवतात

दूरच्या वस्तूकडे एक संकेत पाठवला आणि त्याचा क्षीण प्रतिध्वनी गोंगाटात मिसळून परत आला, तर तो नेमका कोणत्या क्षणी परत आला हे ओळखायचे कसे? संकेत अगदी आखूड ठेवला तर क्षण अचूक कळतो, पण तेवढ्या वेळात पुरेशी ऊर्जा पाठवता येत नाही आणि प्रतिध्वनी गोंगाटात बुडून जातो. संकेत लांब ठेवला तर ऊर्जा पुरेशी मिळते, पण तो कधी सुरू झाला हे धूसर होते. या पेचातून निघण्याची वाट अशी, की संकेत लांबच ठेवायचा, परंतु त्याची घडण अशी करायची की तो स्वतःच्याच प्रतीवर तंतोतंत ठेवला तरच जुळावा आणि एका पावलाने जरी सरकवला तरी जुळू नये. उपग्रहांच्या मदतीने स्थान शोधताना, रडारमध्ये, बिनतारी संदेशवहनात, सभागृहातील नादाचे मोजमाप करताना आणि कारखान्यातील एखाद्या प्रक्रियेचे गुणधर्म तपासताना असेच संकेत वापरले जातात.

त्यांतले सर्वांत साधे संकेत दोनच मूल्ये घेतात: शून्य आणि एक, किंवा अधिक एक आणि उणे एक. अशा द्विमान संकेतांना ‘यादृच्छिक’ हे विशेषण सर्रास लावले जाते आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. संकेत यादृच्छिक असणे ही एक गोष्ट आहे आणि त्याचा सहसंबंध आपल्याला हवा तसा असणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप मिळत नाही. उलट दुसरी उत्तम साधायची असेल तर बहुतेक वेळा पहिली सोडून द्यावी लागते.

जुळणी मोजायची कशी

अधिक एक आणि उणे एक यांची एक रांग कागदावर लिहिली आहे असे समजा. त्याच रांगेची दुसरी प्रत तिच्याखाली ठेवा आणि प्रत्येक स्थानी वरचा व खालचा अंक समान आहे की नाही ते पाहा. समान जागांच्या संख्येतून असमान जागांची संख्या वजा केली की जे उरते ते त्या स्थितीतील सहसंबंधाचे माप. दोन्ही प्रती अचूक एकाखाली एक असतील तर सर्व जागा समान असतात आणि माप रांगेच्या लांबीइतके येते. आता खालची प्रत एका घराने सरकवा, मग दोन घरांनी, मग तीन घरांनी, आणि दर वेळी तेच माप काढा. मिळणाऱ्या या आकड्यांच्या मालिकेला स्वसहसंबंध म्हणतात. खाली त्याच रांगेऐवजी दुसरीच रांग ठेवली तर परस्पर-सहसंबंध मिळतो. माप लांबीने भागले की ते उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येते आणि वेगवेगळ्या लांबींची तुलना करता येते.

सरकवण्याचे दोन प्रकार आहेत आणि पुढील सर्व विवेचनात त्यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. रांग पुन्हा पुन्हा अखंड प्रक्षेपित होत असेल तर सरकवल्यावर एका टोकाने बाहेर गेलेला अंक दुसऱ्या टोकाने आत येतो. हा चक्रीय सहसंबंध. रांग एकदाच पाठवली जात असेल तर बाहेर गेलेल्या भागासमोर काहीच नसते, म्हणून फक्त एकमेकांवर आलेल्या भागाची मोजणी होते. हा अचक्रीय सहसंबंध. पहिल्यात उत्तम ठरलेली रांग दुसऱ्यात सामान्य ठरू शकते, त्यामुळे एखाद्या क्रमाचा सहसंबंध चांगला आहे असे कोणी म्हटले तर कोणत्या अर्थाने चांगला हे आधी विचारून घ्यावे.

नाणेफेक का पुरत नाही

स्वाभाविकपणे पहिला विचार नाणेफेकीचाच येतो. छापा आला तर अधिक एक, काटा आला तर उणे एक. प्रत्येक फेक आधीच्या फेकींपासून स्वतंत्र. अशा रांगेत शून्याखेरीज कोणत्याही सरकवणीसाठी सहसंबंधाची अपेक्षित सरासरी नेमकी शून्य असते, आणि सैद्धांतिक अर्थाने याहून चांगले काही मागता येत नाही. पण ही सरासरी अशा असंख्य रांगांवर काढलेली आहे. आपल्या हातात त्यांतली एकच रांग असते आणि तिची लांबी मर्यादित असते. एकूण एन फेकी असतील तर प्रत्येक सरकवणीतील माप शून्याच्या आजूबाजूला साधारणपणे एनच्या वर्गमुळाइतके हेलकावे खाते. १०२३ अंकांच्या रांगेत हे विचलन सुमारे ३२ येते, आणि सर्व सरकवण्या तपासल्या तर त्यांतले सर्वांत मोठे माप सहज शंभराच्या घरात जाते. मुख्य शिखर १०२३ चे आणि बाजूला शंभराचे खोटे शिखर, ही स्थिती क्षीण प्रतिध्वनी शोधणाऱ्यासाठी त्रासाची आहे, कारण जवळच्या मोठ्या वस्तूचे खोटे शिखर दूरच्या लहान वस्तूच्या खऱ्या शिखराला झाकून टाकते.

हीच १०२३ लांबी ठेवून, शून्याखेरीज प्रत्येक चक्रीय सरकवणीत माप अचूक उणे एक येईल अशी रांग रचता येते. शंभर नाही, बत्तीस नाही, उणे एक. ती नाणेफेकीने मिळत नाही. ती एका अतिशय साध्या यंत्रातून, पूर्णपणे ठरावीक नियमाने मिळते.

शिफ्ट रजिस्टरची किमया

काही कप्पे ओळीने मांडा आणि प्रत्येक कप्प्यात शून्य किंवा एक ठेवा. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सर्व अंक एका कप्प्याने पुढे सरकतात, शेवटचा अंक बाहेर पडतो आणि पहिला कप्पा रिकामा होतो. त्या रिकाम्या कप्प्यात भरायचा अंक ठरावीक कप्प्यांतील अंकांवर एक्स-ऑर ही क्रिया करून काढतात, म्हणजे दोन अंक समान असतील तर शून्य आणि भिन्न असतील तर एक. एवढेच हे यंत्र. कोणत्या कप्प्यांतून अंक घ्यायचे ही निवड योग्य असेल, तर कप्प्यांच्या सर्व शक्य स्थिती, सगळीकडे शून्य असलेली एक सोडून, एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीही स्थिती पुन्हा येत नाही. कप्पे दहा असतील तर अशा १०२३ स्थिती असतात, म्हणून बाहेर पडणारी रांग १०२३ ठोक्यांनी पुन्हा सुरू होते. या सर्वाधिक लांबीच्या रांगांना एम-क्रम म्हणतात. सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५० च्या दशकापासून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. योग्य निवड म्हणजे कोणती, याचे उत्तर बीजगणितात प्रिमिटिव्ह बहुपदी या नावाने मिळते. दहा कप्प्यांसाठी अशा ६० निवडी आहेत.

तीन कप्प्यांचे उदाहरण हाताने करून पाहण्यासारखे आहे. नियम असा घेऊ, की प्रत्येक नवा अंक हा तीन घरे आधीचा आणि दोन घरे आधीचा यांचा एक्स-ऑर असेल. सुरुवात १, १, १ अशी केली तर पुढचा अंक ० येतो, मग ०, मग १, मग ०, आणि त्यानंतर पुन्हा १, १, १. म्हणजे रांग १११००१० अशी सात अंकांची झाली. आता ती एका घराने चक्रीय सरकवली की ११००१०१ मिळते. दोन्ही एकाखाली एक लिहून मोजा: तीन जागा समान, चार जागा असमान, माप उणे एक. दोन घरांनी सरकवा, तीन घरांनी सरकवा, सहा घरांपर्यंत कितीही सरकवा, दर वेळी तीन समान आणि चार असमान.

हे का घडते याचे कारण मला या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो आणि ते समजायला फारसे गणित लागत नाही. मूळ रांग आणि तिची सरकवलेली प्रत यांचा अंकागणिक एक्स-ऑर करा. वरच्या उदाहरणात तो ००१०१११ येतो. आता मूळ नियमात एक्स-ऑरखेरीज दुसरी कोणतीही क्रिया नाही, त्यामुळे नियम पाळणाऱ्या दोन रांगांचा एक्स-ऑर हादेखील तोच नियम पाळतो. पण तो नियम पाळणाऱ्या, पूर्ण शून्य नसलेल्या सर्व रांगा म्हणजे एकाच रांगेच्या निरनिराळ्या सरकवलेल्या प्रती आहेत, कारण यंत्र सर्व स्थितींमधून जाते. म्हणजेच ००१०१११ ही मूळ रांगच आहे, फक्त तीन घरांनी सरकलेली. अशा प्रत्येक प्रतीत एकांची संख्या शून्यांपेक्षा नेमकी एकाने जास्त असते, कारण वगळलेली एकमेव स्थिती सर्व शून्यांची होती. एक्स-ऑरमधील प्रत्येक एक म्हणजे एक असमान जागा आणि प्रत्येक शून्य म्हणजे एक समान जागा. म्हणून समान वजा असमान हे नेहमीच उणे एक. लांबी सात असो, १०२३ असो किंवा दोन अब्जांच्या वर असो, युक्तिवाद तोच राहतो.

या रांगांत आणखीही गुण आहेत. एकाच अंकाच्या सलग पट्ट्या पाहिल्या तर त्यांपैकी सुमारे निम्म्या एका अंकाच्या, पाव दोन अंकांच्या, अष्टमांश तीन अंकांच्या असतात, म्हणजे नाणेफेकीत अपेक्षित असते तशीच विभागणी. त्यामुळे या रांगांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. जलद डिजिटल जोडण्यांची चाचणी घेताना सात, पंधरा, तेवीस किंवा एकतीस कप्प्यांचे प्रमाणित एम-क्रम पाठवतात आणि पलीकडे किती अंक चुकले ते मोजतात. एकतीस कप्प्यांच्या क्रमाची लांबी २१४७४८३६४७ आहे.

मात्र ‘छद्म’ हा शब्द इथे पूर्ण गांभीर्याने घ्यावा लागतो. दहा कप्प्यांच्या यंत्राचा नियम आणि स्थिती दोन्ही अज्ञात असली, तरी सलग वीस अंक हाती लागले की बर्लेकँप-मॅसी या पद्धतीने नियम शोधून पुढचे सर्व अंक सांगता येतात. सहसंबंध निर्दोष असला तरी गुप्तता शून्य असते, म्हणून असा कच्चा क्रम गुप्तलेखनासाठी वापरणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्यासारखे आहे.

दुसरी उणीव कमी माहीत असलेली आहे. सहसंबंध हे दोन अंकांमधील नाते मोजते. तीन अंकांमधील नात्याबद्दल ते काहीच सांगत नाही. शून्याला अधिक एक आणि एकाला उणे एक मानले तर एक्स-ऑर ही क्रिया गुणाकारात बदलते. तीन कप्प्यांच्या वरील उदाहरणात प्रत्येक नवा अंक हा आधीच्या दोन ठरावीक अंकांचा गुणाकार झाला, म्हणून त्या तिघांचा गुणाकार नेहमीच अधिक एक येतो. कोणत्याही दोघांत जवळजवळ काही संबंध नाही आणि तिघांत मात्र पूर्ण, अटळ संबंध. नियमात दोनच कप्प्यांतून अंक घेतले असतील तर मोठ्या यंत्रांतही हेच घडते. ज्या मोजणीत किंवा संगणकीय प्रयोगात तीन-तीन अंक एकत्र कामाला येतात, तिथे हा दोष निष्कर्ष बिघडवू शकतो. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे अधिक कप्प्यांतून अंक घेणारा नियम निवडणे, ज्यामुळे असे नाते दोन-तीन अंकांऐवजी अधिक अंकांमध्ये पसरते.

रांग एकदाच पाठवायची असेल तर

वरची सगळी हमी चक्रीय सरकवणीसाठी होती. रडारचा एकच स्पंद पाठवायचा असेल तर अचक्रीय सहसंबंध लागतो आणि तिथे निसर्ग बराच कंजूष आहे. आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्ये अशा रांगा मांडल्या, ज्यांत बाजूचे कोणतेही शिखर एकापेक्षा मोठे नसते. आपली १११००१० ही सात अंकांची रांग त्यांतलीच एक आहे: ती अधिक-उणे चिन्हांत लिहून एकदाच पाठवल्यासारखी सरकवली तर मापे अनुक्रमे शून्य, उणे एक, शून्य, उणे एक, शून्य, उणे एक अशी येतात. पण हीच रांग दुसऱ्या अंकापासून सुरू केली तर हा गुण नाहीसा होतो, चक्रीय गुण मात्र जसाच्या तसा राहतो. बार्करच्या ज्ञात रांगांची लांबी २, ३, ४, ५, ७, ११ आणि १३ एवढीच आहे. तेरापेक्षा मोठ्या विषम लांबीची अशी रांग असूच शकत नाही हे ट्युरिन आणि स्टोरर यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. सम लांबीसाठी चारच्या पुढे एकही सापडलेली नाही, पण पूर्ण सिद्धताही अद्याप नाही. अकरा अंकांची बार्कर रांग वायफायच्या अगदी पहिल्या मानकात, एक व दोन मेगाबिटच्या वेगांसाठी वापरली गेली.

एका रांगेला जे जमत नाही ते दोन रांगा मिळून करू शकतात, ही कल्पना मार्सेल गोले यांची. अधिक, अधिक, अधिक, उणे ही एक रांग घ्या आणि अधिक, अधिक, उणे, अधिक ही दुसरी. पहिलीची बाजूची मापे १, ०, उणे १ आणि दुसरीची उणे १, ०, १. बेरीज केली की बाजूला काहीच उरत नाही आणि मधले शिखर आठचे होते. अशा पूरक जोड्या दोनच्या कोणत्याही घाताच्या लांबीच्या बनवता येतात. त्यासाठी दोन्ही रांगा वेगवेगळ्या पाठवून त्यांचे निकाल नंतर एकत्र करावे लागतात, आणि त्या दरम्यान समोरची वस्तू हलली तर बेरजेतील नेमकेपणा बिघडतो.

अनेकांनी एकाच वेळी बोलायचे असेल तर

आतापर्यंत एकच प्रेषक होता. अनेक प्रेषक एकाच वारंवारितेवर एकाच वेळी बोलत असतील तर प्रत्येकाची रांग स्वतःशी चांगली वागून भागत नाही. तिने इतरांच्या रांगांशीही कमीत कमी जुळले पाहिजे. दहा कप्प्यांच्या ६० निवडींतून मिळणारे एम-क्रम वेगवेगळ्या प्रेषकांना वाटून द्यावेत असे कोणालाही वाटेल, पण त्यांतल्या काही जोड्यांचा परस्पर-सहसंबंध ३८३ पर्यंत जातो, म्हणजे मुख्य शिखराच्या एक तृतीयांशाहूनही जास्त. एकट्याने निर्दोष असलेल्या दोन रांगा एकत्र आल्यावर एकमेकींना इतक्या अडथळा ठरतात.

रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये यावर मार्ग दाखवला. एम-क्रमांची एक विशिष्ट जोडी निवडायची आणि त्यांतला एक क्रम दुसऱ्याच्या तुलनेत एक-एक घर सरकवत दर वेळी दोघांचा एक्स-ऑर करायचा. दहा कप्प्यांसाठी यातून मूळ दोन धरून १०२५ रांगांचे कुटुंब तयार होते आणि त्यांतल्या कोणत्याही दोघींचा परस्पर-सहसंबंध फक्त तीनच मूल्ये घेतो: उणे ६५, उणे १ किंवा ६३. जीपीएसच्या नागरी संकेतात प्रत्येक उपग्रहाला याच कुटुंबातील एक रांग दिलेली आहे. तिची लांबी १०२३ आहे आणि ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. ग्राहकयंत्रापर्यंत पोहोचणारा संकेत गोंगाटाच्या पातळीच्याही खाली असतो. यंत्र प्रत्येक उपग्रहाची रांग स्वतः निर्माण करून ती सरकवत जाते, जिथे शिखर येते तिथे थांबते, आणि त्या सरकवणीवरून उपग्रहापासूनच्या अंतराचा अंदाज घेते. दुसऱ्या उपग्रहामुळे उद्भवणारे सर्वांत मोठे खोटे शिखर खऱ्या शिखराहून सुमारे २४ डेसिबलने खाली राहते.

याची किंमत म्हणजे गोल्डच्या रांगांचा स्वसहसंबंध उणे एक इतका स्वच्छ राहत नाही. तोही त्याच तीन मूल्यांमध्ये फिरतो. कासामी यांच्या छोट्या कुटुंबात सर्वांत मोठे माप ३३ पर्यंत उतरवता येते, पण मग १०२५ ऐवजी ३२ च रांगा मिळतात. सदस्यसंख्या ठरली की सर्वांत मोठे माप एका मर्यादेखाली नेता येत नाही, हे लॉइड वेल्च यांनी १९७४ मध्ये असमीकरणाच्या रूपात दाखवले. त्यामुळे किती प्रेषक आहेत हे आधी नक्की करूनच कुटुंब निवडावे लागते.

यंत्रणेची नाडी तपासताना

एखाद्या यंत्रणेला सूक्ष्म धक्का दिला तर ती कालांतराने कशी प्रतिसाद देते, हे कळले की तिचे रेषीय वर्तन पूर्ण कळले असे मानता येते. प्रत्यक्ष धक्का पुरेसा मोठा दिला तर यंत्रणेला इजा होऊ शकते आणि लहान दिला तर प्रतिसाद गोंगाटात हरवतो. त्याऐवजी एम-क्रम आत सोडायचा आणि आत गेलेला व बाहेर आलेला यांचा परस्पर-सहसंबंध काढायचा. आत गेलेल्याचा स्वसहसंबंध एकाच टोकदार शिखराचा असल्याने हा परस्पर-सहसंबंध म्हणजे जवळजवळ तो धक्क्याचा प्रतिसादच असतो. मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७९ मध्ये सभागृहांच्या नादमापनासाठी ही वाट दाखवली. द्विमान संकेताचा इथे विशेष फायदा आहे: तो सतत आपल्या कमाल पातळीवरच असतो, त्यामुळे ठरलेल्या मर्यादेत सर्वाधिक ऊर्जा आत जाते, आणि झडप उघडी किंवा बंद इतकेच करू शकणाऱ्या उपकरणानेही तो देता येतो.

प्रत्यक्ष वापरात चुका होतात त्या बहुधा घड्याळाच्या निवडीत. रांगेचा एक फेरा यंत्रणेला स्थिरावायला लागणाऱ्या वेळेपेक्षा लांब हवा, नाहीतर प्रतिसादाचे शेपूट पुढच्या फेऱ्याच्या सुरुवातीवर चढते. दोन ठोक्यांमधील अंतर इतके लहान हवे की यंत्रणेचे जलद वर्तनही दिसावे, कारण अंक ठोक्याभर टिकून राहत असल्याने संकेताची शक्ती ठोक्यांच्या वारंवारितेच्या सुमारे ०.४४ पटीवर निम्मी होते. परंतु ठोका अनावश्यक जलद ठेवला तर शक्ती उपयोग नसलेल्या वारंवारितांवर वाया जाते. यंत्रणा पूर्ण रेषीय नसेल तर एम-क्रमातील प्रत्येक दुसरा अंक उलटा करून दुप्पट लांबीची रांग बनवतात. तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या नेमका उलट असल्याने वर्ग आणि त्यासारख्या सम घातांचे परिणाम परस्पर रद्द होतात. मात्र अधिक एक आणि उणे एक या दोघांचाही वर्ग एकच असतो, म्हणून केवळ दोन मूल्यांच्या संकेताने यंत्रणेतील वर्गाचे अवलंबन मोजायची अपेक्षा ठेवू नये.

शून्य नव्हे, ठरावीक सहसंबंध हवा असेल तर

काही वेळा सहसंबंध नको नसतो, तर विशिष्ट आकाराचा हवा असतो. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक पावलाला ठरावीक संभाव्यतेने चिन्ह बदलायचे आणि अन्यथा तसेच ठेवायचे. बदलण्याची संभाव्यता ०.१ असेल तर लगतच्या अंकांचा सहसंबंध ०.८, दोन घरांवर ०.६४, तीन घरांवर ०.५१२ असा घसरत जातो. ती ०.५ केली की नाणेफेक मिळते, आणि ०.९ केली की सहसंबंध उणे ०.८, अधिक ०.६४ असा चिन्ह बदलत घसरतो. इथे खरी यादृच्छिकताही टिकते, पण घसरणीचा आकार नेहमी घातांकी असतो. दुसरा आकार हवा असेल तर ही पद्धत पुरत नाही.

मग प्रसामान्य वितरणाचा, म्हणजे गाऊसी, गोंगाट घेऊन त्यावर हवा तो गाळणी-फिल्टर लावतात आणि शेवटी फक्त चिन्ह ठेवतात. चिन्ह घेताना सहसंबंध बदलतो, पण किती बदलतो याचे नेमके सूत्र जॉन व्हॅन व्लेक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेले आहे: द्विमान संकेताचा सहसंबंध हा मूळ सहसंबंधाच्या व्यस्त-साइनला पायने भागून दोनने गुणल्याइतका असतो. हे उलट वापरले की काम होते. शेवटी ०.५ हवे असेल तर मूळ गोंगाटात ०.७०७ ठेवायचे. प्रत्येक सरकवणीसाठी असा आकडा काढायचा, त्या आकड्यांना शोभणारा शक्तिपट, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती शक्ती आहे याचा आलेख, कुठेही ऋण होत नाही ना हे पाहायचे, आणि त्यानुसार फिल्टर रचायचा.

शक्तिपट ऋण आला तर या वाटेने जाता येत नाही, आणि पुष्कळदा मागणीच अशक्य असते. तीन अधिक-उणे अंक घ्या. दोन-दोनांच्या तीन गुणाकारांची बेरीज तिघेही समान असतील तर तीन येते, आणि अन्यथा नेहमी उणे एक. म्हणून तीन सहसंबंधांची बेरीज उणे एकच्या खाली जाऊच शकत नाही. तीन गाऊसी राशी एकमेकींशी उणे ०.५ सहसंबंध ठेवू शकतात, तीन द्विमान राशी उणे एक तृतीयांशाच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, आणि व्हॅन व्लेकच्या सूत्रात उणे ०.५ घातले तर नेमके उणे एक तृतीयांशच बाहेर येते. त्याच युक्तिवादाने, लगतच्या अंकांचा सहसंबंध ०.८ असेल तर दोन घरांवरचा ०.६ च्या खाली नेता येत नाही, जिथे गाऊसी संकेताला ०.२८ पर्यंत उतरण्याची मुभा असते. दोनच मूल्यांचे बंधन वरवर दिसते त्याहून बरेच कडक आहे, आणि आकडे भरण्यापूर्वी ही असमीकरणे तपासली तर पुढचे अनेक तास वाचतात.

एकच मर्यादित रांग हवी असेल तर तिसरा मार्ग शोधाचा आहे. कोणत्याही रांगेपासून सुरुवात करायची, एक अधिक आणि एक उणे यांची अदलाबदल करायची, हव्या असलेल्या सहसंबंधापासूनचे अंतर कमी झाले तर बदल ठेवायचा आणि अधूनमधून तोट्याचा बदलही स्वीकारायचा, म्हणजे शोध एखाद्या उथळ खड्ड्यात अडकत नाही. अदलाबदलीमुळे अधिक-उण्यांची संख्या कायम राहते. पद्धत संथ आहे, पण इतर पद्धतींना न मानवणारे आकारही तिच्याने गाठता येतात.

शेवटी पडताळणी. संगणकाच्या यादृच्छिक-संख्या जनकातून बिट घेताना तो कोणत्या टोकाचा घेतला हे पाहावे. जुन्या पद्धतीच्या, दोनच्या घाताने भागाकार करणाऱ्या जनकांत सर्वांत खालचा बिट पूर्ण कालावधीच्या निवडीतही केवळ ०, १, ०, १ असा आलटून पालटून येतो. शिफ्ट रजिस्टरच्या लगतच्या स्थिती संख्या म्हणून वाचू नयेत, कारण त्यांतला एक वगळता प्रत्येक अंक आधीच्या स्थितीतूनच सरकून आलेला असतो. सुरुवातीची स्थिती सर्व शून्यांची नाही याची खात्री करावी, नाहीतर यंत्र कायमचे शून्यच देत राहील. आणि यादृच्छिक पद्धतीने बनवलेल्या रांगेचा सहसंबंध मोजताना मोजणीतही चूक असते हे ध्यानात ठेवावे: खरा सहसंबंध शून्य असला तरी दहा हजार अंकांच्या रांगेत मोजलेला आकडा सुमारे ०.०१ इतक्या विचलनाने हेलकावतो, म्हणून ०.०२ पर्यंतचे आकडे चिंतेचे नाहीत. शंभर सरकवण्या तपासल्या तर त्यांतल्या पाचेक निव्वळ योगायोगाने या पट्ट्याबाहेर पडतील. त्या पाच कोणत्या आहेत हे रांग नव्याने निर्माण करून पाहावे, आणि पुन्हा त्याच सरकवण्या बाहेर पडल्या तरच जनकात दोष शोधायला बसावे.